चिखलातले चाक आणि कोरड्यावरचे चाक : मालमोटारीसाठी डिफरन्शियलची निवड

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीतील ओरछा दरवाजाचे नाव मराठी वाचकाला राणी लक्ष्मीबाईंच्या चरित्रातून परिचित आहे. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये शहराला वेढा पडला, तेव्हा या दरवाजाच्या परिसरात निकराची झुंज झाली. आज 'ओरछा गेट' हे त्या भागाचेच नाव झाले आहे. येथून बाहेर पडणाऱ्या वाटेने बेतवा नदीकाठचे ओरछा गाव अवघे पंधरा-सोळा किलोमीटर आहे. बैलगाडी, टांगा, तोफेचा गाडा, ट्रॅक्टर आणि मालमोटार अशी निरनिराळ्या काळांची चाके या परिसरातून गेली आहेत. या चाकांच्या इतिहासात यंत्रशास्त्रातील एक लहानसा, पण मोलाचा प्रश्न दडलेला आहे. वळण घेताना आतले आणि बाहेरचे चाक सारखे अंतर कापीत नाहीत. मग दोघांना एकाच शक्तीने फिरवायचे कसे? आणि फिरवता आले, तर त्यांपैकी एक चाक चिखलात निसटू लागल्यावर गाडीला बाहेर काढायचे कसे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे डिफरन्शियल. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे दोन आहेत : डिफरन्शियल लॉक आणि मर्यादित घसरणीचे, म्हणजेच लिमिटेड स्लिप, डिफरन्शियल. या दोहोंपैकी कोणते घ्यावे, की काहीच घेऊ नये, हा प्रश्न केवळ अभियंत्याचा नाही. ज्याचा प्रपंच एका ट्रकवर चालतो, अशा मालकाचा आणि भरलेल्या गाडीत बसून उतार उतरणाऱ्या चालकाचा व क्लीनरचाही तो प्रश्न आहे.

झाशीत दिसणारी तीन उत्तरे

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. तिचा आस स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्याच्याभोवती स्वतंत्रपणे फिरतात. ओढण्याचे काम बैल करतात. चाकांनी केवळ भार वाहायचा असतो. वळणावर बाहेरचे चाक दोन फेरे अधिक फिरले तरी आतल्या चाकाला त्याची खबरही नसते.

रेल्वेचे उत्तर याच्या अगदी उलट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाशी हे रेल्वेचे मोठे ठाणे बनले आणि तेथे डब्यांच्या दुरुस्तीचा कारखाना उभा राहिला. रेल्वेची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसविलेली असतात. एक फिरले की दुसरे तितकेच फिरते. मग वळण कसे घेतले जाते? रेल्वेच्या चाकाची धाव सपाट नसून किंचित उतरती, शंकूसारखी असते. वळणावर चाकांची जोडी थोडी बाहेरच्या बाजूस सरकते. त्यामुळे बाहेरचे चाक मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर धावते. रुळांची वळणे फार मोठ्या त्रिज्येची असल्याने एवढा फरक पुरतो. शहरातील गल्लीच्या कोपऱ्यावर ही युक्ती चालणार नाही.

मोटारीची अडचण या दोहोंच्या मधली आहे. तिच्या चाकांना शक्तीही द्यावयाची असते आणि स्वातंत्र्यही. समजा, एका ट्रकच्या मागच्या दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतर १.८ मीटर आहे आणि तो काटकोनात वळतो. मागच्या आसाचा मध्यबिंदू ९ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जात असेल, तर आतल्या चाकाची त्रिज्या ८.१ मीटर आणि बाहेरच्या चाकाची ९.९ मीटर होते. एका काटकोनी वळणात आतले चाक सुमारे १२.७ मीटर आणि बाहेरचे सुमारे १५.५ मीटर अंतर कापते. फरक जवळजवळ २.८ मीटर. चाकाचा व्यास एक मीटर धरला, तर बाहेरच्या चाकाला जवळजवळ एक संपूर्ण फेरा अधिक फिरावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडलेली असती, तर हा एक फेरा रस्त्यावर टायर घासूनच भरून काढावा लागला असता.

फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांनी १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी या अडचणीवर दंतचक्रांची योजना पेटंट केली. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये तीच कल्पना तीनचाकी सायकलीला लावली. मोटारगाडी जन्माला आली तेव्हा तिला हे साधन जवळजवळ तयारच मिळाले.

डिफरन्शियलचे काम

ट्रकच्या मागच्या आसाच्या मध्यभागी जो गोल फुगवटा दिसतो, त्यात हे यंत्र असते. इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट एका लहान पिनियनला फिरवितो. पिनियन मोठ्या क्राऊन चक्राला फिरविते. क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात एका क्रॉसवर लहान दंतचक्रे बसविलेली असतात. गॅरेजमध्ये त्यांना 'स्टार' म्हणतात. ही स्टार चक्रे डाव्या आणि उजव्या बाजूच्या 'सन' चक्रांत अडकलेली असतात, आणि प्रत्येक सन चक्रातून एक हाफ शाफ्ट आपापल्या चाकापर्यंत जातो.

सरळ रस्त्यावर पिंजरा, स्टार आणि सन हे सारे एकजीव होऊन फिरतात. वळण आले की स्टार चक्रे स्वतःच्या आसाभोवतीही फिरू लागतात. एका चाकाचा वेग जितका कमी होतो, तितकाच दुसऱ्याचा वाढतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. स्टार चक्र हे तराजूच्या दांडीसारखे असते. दांडीला मध्यभागी ढकलले, तर दोन्ही टोकांवर पडणारा जोर सारखाच असतो. नांगराच्या जुवाचेही असेच आहे : ओढ जुवाच्या मध्यावर असते आणि एका बैलाने अंग काढून घेतले की जू फिरते, मग दुसरा बैल कितीही बळकट असला तरी त्याचे बळ नांगरापर्यंत पोहोचत नाही. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखा जोर देते. वेग वेगळा असू शकतो, जोर मात्र वेगळा असू शकत नाही. घर्षणामुळे पडणारा किरकोळ फरक येथे सोडून देता येईल.

'सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाकडे जाते' असे गॅरेजमध्ये म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. फिरणाऱ्या चाकाला फिरण्यासाठी फारच थोडा जोर लागतो. आणि जेवढा त्याला लागतो, तेवढाच दुसऱ्याला मिळतो. म्हणून कोरड्या जमिनीवरचे चाक स्वस्थ उभे राहते आणि चिखलातले चाक वाऱ्यासारखे फिरत राहते. क्राऊनच्या वेगाच्या ते दुप्पट वेगाने फिरत असते. चालकाने तरीही ॲक्सिलरेटर दाबून धरला, तर चाक अधिक खोल रुतते, आणि सतत वेगाने फिरून स्टार चक्रे व त्यांचा क्रॉस तेलाअभावी जळूही शकतात. रुतलेल्या गाडीचे साधे डिफरन्शियल निकामी होण्याचे हे एक मोठे कारण असते.

जमिनीची परीक्षा

डिफरन्शियलची निवड यंत्रापासून नव्हे, तर जमिनीपासून सुरू व्हावी. झाशीचा परिसर या दृष्टीने पाठ्यपुस्तकासारखा आहे. बुंदेलखंडाचा पाया सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटचा आहे. त्यावर चार प्रकारच्या माती दिसतात आणि तेथील शेतकऱ्याने त्यांना नावे दिलेली आहेत : राकड, पडुआ, काबर आणि मार. राकड ही लालसर, खडेमिश्रित, भरड जमीन. पाऊस पडून गेला की तिच्यावरून पाणी लवकर निघून जाते आणि चाकाला पकड मिळते. पडुआ हलकी, पण मऊ. काबर आणि मार या काळपट, चिकणमातीच्या जमिनी. मार ही विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीचीच बहीण होय. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि तिच्यावरून गाडी डांबरी रस्त्यासारखी जाते. पावसाळ्यात ती फुगते, चाकाला चिकटते, टायरची नक्षी बुजवून टाकते आणि चाक गुळगुळीत रुळासारखे होऊन जाते.

आता असे समजावे की, खडीने भरलेला एक दोन आसांचा ट्रक ओरछा गेटच्या बाजूने बाहेर पडून एखाद्या गावरस्त्याच्या कामावर चालला आहे. समोरून आलेल्या ट्रॅक्टरला वाट देण्यासाठी त्याने डावी चाके रस्त्याच्या कडेखाली घातली. डावीकडे ओली मार, उजवीकडे घट्ट मुरूम. गाडी थांबली आणि आता निघत नाही.

हिशेब सोपा व्हावा म्हणून गाडीचे एकूण वजन १६ टन आणि मागच्या आसावरील भार १० टन, म्हणजे प्रत्येक बाजूस ५ टन, असे धरू या. ओल्या चिकणमातीवर चाकाला त्याच्यावरील भाराच्या दहाव्या हिश्शाएवढी पकड मिळते आणि मुरमावर शेकडा ६० एवढी मिळते, असेही मानू या. मग डावे चाक जास्तीत जास्त अर्धा टन ओढ देऊ शकेल आणि उजवे ३ टन.

साध्या डिफरन्शियलमध्ये उजव्यालाही डाव्याएवढाच जोर मिळतो. एकूण ओढ : अर्धा अधिक अर्धा, म्हणजे १ टन. उजव्या चाकाची उरलेली अडीच टनांची पकड वाया जाते.

डिफरन्शियल लॉक लावला, तर दोन्ही हाफ शाफ्ट एकमेकांस जखडले जातात. प्रत्येक चाक आपापल्या पकडीएवढी ओढ देते. एकूण ओढ : साडेतीन टन.

मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल मधला मार्ग काढते. त्याचे प्रमाण तीनास एक असेल, तर चांगल्या पकडीच्या चाकाला घसरणाऱ्या चाकाच्या तिप्पट जोर मिळू शकतो. अर्धा अधिक दीड, म्हणजे २ टन.

आता गाडीची गरज पाहू. मऊ जमिनीत चाके गडगडत नेण्यासाठी वजनाच्या शेकडा ५ एवढी ओढ लागते असे धरले, तर ८०० किलो लागतील. जमीन सपाट असेल, तर साध्या डिफरन्शियलचा १ टनही जेमतेम पुरेल. वाट वीस मीटरला एक मीटर चढत असेल, तर आणखी ८०० किलो, म्हणजे एकूण १.६ टन, येथे साधे डिफरन्शियल हरते, मर्यादित घसरणीचे जिंकते. चढ दहा मीटरला एक मीटर असेल, तर १.६ अधिक ०.८, म्हणजे २.४ टन लागतील. येथे मर्यादित घसरणीचेही अपुरे पडते आणि केवळ लॉकच गाडीला बाहेर काढतो.

पण हाच हिशेब आणखी एक पाऊल पुढे नेला पाहिजे. दोन्ही चाके ओल्या मारमध्ये असतील, तर लॉक लावूनही ओढ अर्धा अधिक अर्धा, म्हणजे १ टनच मिळते. लॉक जमिनीत पकड निर्माण करीत नाही. असलेली पकड वापरू देतो. ज्याचा माल नेहमीच दोन्ही बाजूंनी सारख्या चिखलातून जातो, त्याने लॉकवर पैसे खर्च करण्यापूर्वी टायरांची नक्षी, भाराचे प्रमाण आणि वाटेवर टाकायची चार पाट्या खडी यांचा विचार करावा.

लॉक : गुण आणि धोके

लॉकची रचना सरळ आहे. दात्यांची एक सरकती कडी हाफ शाफ्टला पिंजऱ्याशी जखडते आणि स्टार चक्रांचे फिरणे बंद होते. जड ट्रकांत ही कडी बहुधा हवेच्या दाबाने सरकते आणि चालकासमोर तिचे बटण व इशाऱ्याचा दिवा असतो. शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाही. ट्रॅक्टरवर टाचेजवळ असलेले डिफरन्शियल लॉकचे पॅडल अनेकांनी चिखलणीच्या वेळी दाबलेले असते. ट्रॅक्टरच्या पॅडलला बहुधा स्प्रिंग असते. पाय काढला की जखड सुटते. ट्रकमधील बटण मात्र बंद करावे लागते, आणि सर्व अनर्थाचे मूळ या विसरण्यात असते.

लॉक लावून घट्ट रस्त्यावर वळण घेतले, तर सुरुवातीस सांगितलेला तो एक फेऱ्याचा फरक कोठेतरी भरून निघालाच पाहिजे. चिखलात तो चाक घसरून निघतो. डांबरी रस्त्यावर भरलेल्या गाडीचे टायर सहज घसरत नाहीत. मग हाफ शाफ्टला पीळ बसत जातो, स्टेअरिंग जड होते, गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहते आणि शेवटी टायर तरी फाडल्यासारखा घासतो किंवा शाफ्ट तरी तुटतो. शिवाय, वरच्या उदाहरणात लॉक लावल्यावर साडेतीन टनांपैकी ३ टन ओढ एकट्या उजव्या हाफ शाफ्टमधून जात होती. दोघांत वाटला जाणारा भार एकावर येतो, ही गोष्ट चालकाने ॲक्सिलरेटर दाबताना ध्यानात ठेवली पाहिजे.

दुसरा धोका आडव्या उताराचा. टायरची पकड ही एकच पुंजी असते. ती पुढे ओढण्यात खर्च झाली, तर बाजूला सरकण्यापासून रोखण्यास उरत नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक गरगर फिरले, तरी दुसरे स्थिर राहून गाडीची शेपटी धरून ठेवते. लॉकमध्ये दोन्ही चाके एकदम निसटतात आणि मागचा भाग उताराकडे घसरतो. नदीकाठच्या ओघळींत, जेथे वाटेच्या एका अंगास खोल घळ असते, तेथे ही बाब प्राणांवर बेतू शकते. अशा जागी माल उतरवून घेणे किंवा दुसऱ्या गाडीने ओढून घेणे हेच शहाणपण होय.

म्हणून लॉक वापरण्याचे नियम थोडे, पण कडक आहेत. रुतण्याची शक्यता दिसताच, गाडी उभी असताना किंवा अगदी हळू चालत असताना लॉक लावावा. चाक गरगर फिरत असताना तो कधीही लावू नये. दात्यांवर दाते आदळून कडी मोडते. लॉक असताना शक्य तितके सरळ आणि मंद जावे. घट्ट जमीन लागताच तो काढावा, दिवा विझल्याची खात्री करावी आणि मगच वळावे. पीळ बसल्यामुळे कडी सुटत नसेल, तर ॲक्सिलरेटर सोडून स्टेअरिंग हलकेच डावी-उजवीकडे फिरवावे किंवा किंचित मागे जावे.

मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल

लॉकचे बटण माणसाच्या हाती असते, तर मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल आपले काम आपोआप करते. त्याची पहिली मोठी चाचणी ट्रकवर नव्हे, तर शर्यतीच्या गाडीवर झाली. फेर्डिनांड पोर्शे यांच्या रचनेवर बनलेल्या जर्मनीतील ऑटो युनियनच्या गाड्यांची शक्ती इतकी होती की वळणावरून निघताना आतले चाक जागीच फिरत राही. त्यावर १९३५ च्या सुमारास झेड. एफ. या दंतचक्रांच्या कारखान्याने उपाय तयार केला. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९५६ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांच्या गाड्यांत हे साधन देऊ केले.

त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात सन चक्रांच्या मागे क्लचसारख्या पातळ चकत्यांचे गठ्ठे असतात. जोर वाढला की चकत्या दाबल्या जातात आणि दोन्ही बाजूंच्या वेगात फार फरक पडू देत नाहीत. दुसऱ्या प्रकारात चकत्या नसतात. तिरप्या दात्यांच्या चक्रांचे आपसातील घर्षणच हे काम करते. व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ मध्ये पेटंट केलेली रचना या वर्गातील असून ती 'टॉर्सन' या नावाने ओळखली जाते. तिच्यात झिजणाऱ्या चकत्या नसल्याने ती दीर्घकाळ टिकते. पण तिचे काम गुणाकाराचे आहे, आणि शून्याला कितीनेही गुणिले तरी शून्यच येते. एक चाक खड्ड्यावर अधांतरी झाले, तर दुसऱ्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. चकत्यांच्या प्रकारात स्प्रिंगांनी आधीच थोडा दाब दिलेला असेल, तर काही ओढ शिल्लक राहते.

मर्यादित घसरणीच्या साधनाला काही पथ्ये असतात. चकत्यांच्या प्रकाराला विशिष्ट मिश्रण घातलेले तेल लागते. नेहमीचे गियर ऑइल ओतले, तर वळणावर करकर आवाज येतो आणि चकत्या लवकर जळतात. डाव्या आणि उजव्या बाजूचे टायर सारख्या व्यासाचे हवेत. आपल्याकडे एका बाजूस नवा टायर आणि दुसऱ्या बाजूस झिजलेला रिट्रेड टायर ही नेहमीची गोष्ट आहे. साधे डिफरन्शियल हा फरक मुकाट्याने सोसते. चकत्यांचे मात्र सरळ रस्त्यावरही अखंड घासत राहते.

गॅरेजमधील एक सावधगिरी तर प्रत्येक मिस्तरीने पाठ करावी. साधे डिफरन्शियल असलेल्या गाडीचे एक चाक जॅकवर उचलून, इंजिन सुरू करून, गियर टाकून पाहण्याची सवय अनेकांना असते. तीही बरी नव्हेच. पण गाडीत मर्यादित घसरणीचे साधन किंवा लावलेला लॉक असेल, तर जमिनीवरचे दुसरे चाक गाडीला पुढे ढकलील, गाडी जॅकवरून उतरेल आणि खाली काम करणारा माणूस चिरडला जाईल. अशा गाडीची तपासणी दोन्ही चाके उचलून, घोडीवर भक्कम टेकवून आणि इंजिन बंद ठेवूनच करावी.

या दोहोंच्या मधला तिसरा वर्गही आहे : आपोआप लागणारा लॉक. दोन चाकांच्या वेगात ठराविक मर्यादेपलीकडे फरक पडला की तो कमी वेगात स्वतःहून जखडतो आणि गाडी वेग घेऊ लागली की सुटतो. भारतात महिंद्राच्या 'थार' गाडीला मागच्या आसावर अशा प्रकारचा यांत्रिक लॉक देण्यात आला आहे. हलक्या वाहनांना ही योजना सोयीची असते, कारण बटण विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र जखडण्याचा क्षण चालकाच्या हाती नसतो, हे ओल्या आडव्या उतारावर ध्यानात ठेवावे लागते. अलीकडच्या काही वाहनांत घसरणाऱ्या एकट्या चाकाला यंत्रणाच ब्रेक लावते आणि त्यामुळे दुसऱ्याला जोर मिळतो. चालकाने पायाने ब्रेक दाबून हेच साधत नाही. कारण तो ब्रेक दोन्ही चाकांना सारखाच लागतो आणि जे मिळते ते तेथेच खर्च होते.

दोन मागच्या आसांचा टिपर

खाणीत चालणाऱ्या दहाचाकी टिपरमध्ये मागचे दोन्ही आस चालते असतील, तर डिफरन्शियले तीन असतात : प्रत्येक आसावर एक आणि दोन आसांमध्ये शक्ती वाटणारे एक. तिन्ही साधी असतील, तर चारांपैकी एका बाजूचे चाक निसटले तरी सारी गाडी थांबते. म्हणून अशा टिपरमध्ये आसांमधला लॉक ही पहिली गरज होय. तो लावला की दुसरा आस तरी ओढू लागतो, आणि वळण्यास फारशी बाधा येत नाही. चाकांमधला लॉक त्यानंतर, गरज पडल्यासच लावावा. काढताना चाकांमधला आधी आणि आसांमधला नंतर, असा उलटा क्रम ठेवावा.

निवड कशी करावी

झाशीतून उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे देशातील दोन मोठे महामार्ग-पट्टे जातात. ज्या मालकाची गाडी या महामार्गांवरच धावते आणि पक्क्या गोदामाच्या दारात रिकामी होते, त्याला साधे डिफरन्शियलच योग्य. ते स्वस्त, टिकाऊ आणि कोणत्याही गावच्या मिस्तरीला दुरुस्त करता येण्यासारखे असते. वर्षातून एकदा रुतण्यासाठी फावडे, दोन जाड फळ्या आणि ओढण्याची मजबूत साखळी पुरेशी आहे.

ज्याची गाडी महामार्गावरून येऊन शेवटचे दोन-चार किलोमीटर कच्च्या वाटेने, खाणीत किंवा बांधकामावर जाते, त्याने हाताने लावण्याचा लॉक घ्यावा. जड भारासाठी पूर्ण जखड देणारे हेच साधन आहे, आणि एरवी ते साध्या डिफरन्शियलसारखेच वागते. अट एकच : चालक शिकलेला हवा. गाडीवर दर महिन्याला नवा चालक येत असेल आणि त्याला लॉकचे बटण कोणी समजावून सांगत नसेल, तर तोच लॉक हाफ शाफ्ट तोडण्याचे यंत्र ठरतो.

हलकी मालगाडी, जिची एक बाजू कधी ओल्या पट्टीवर तर कधी वाळूवर जाते, पण जिला मोठे चढ नाहीत, तिला मर्यादित घसरणीचे किंवा आपोआप लागणारे साधन सोयीचे. येथे तेल, टायर आणि दुरुस्ती यांची शिस्त पाळता येईल काय, हे आधी पाहावे.

नवी गाडी घेतानाच कारखान्याने बसविलेले साधन निवडणे केव्हाही श्रेयस्कर, कारण त्या आसाचे हाफ शाफ्ट त्या जोराचा विचार करून बनविलेले असतात. जुन्या गाडीत नंतर लॉक बसविताना शाफ्ट जुनेच राहिले, तर साखळीतील दुर्बळ कडी तशीच राहते. भाराचाही विचार येथेच करावा लागतो. चार टायरांच्या एका आसावर कायद्याने मान्य असलेला भार २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आला. भार वाढला म्हणजे पकड वाढते, तशी शाफ्टवरची ओढही वाढते. आणि कायद्यापलीकडे भरलेल्या गाडीत लॉक लावणे म्हणजे दोन्ही बाजूंनी ओढलेल्या दोरीला आणखी एक पीळ देणे होय.

बैलगाडी हाकणाऱ्याला वाटेतली मार आणि राकड डोळ्यांनी ओळखता येत असे. पाऊस झाल्यावर कोणती वाट सोडायची हे त्याला कोणी शिकवावे लागत नसे. ट्रकच्या चालकाजवळ शंभरांहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन आले, म्हणून ते ज्ञान निरुपयोगी ठरत नाही. कड सोडून खाली उतरण्यापूर्वी गाडी थांबवावी, क्लीनरला उतरवून जमीन पायाने दाबून पाहण्यास सांगावे आणि मग लॉकच्या बटणाकडे हात न्यावा. यात जाणारी दोन मिनिटे हाफ शाफ्टपेक्षा आणि माणसाच्या जिवापेक्षा निश्चितच स्वस्त आहेत.